शिंदीच्या सिरक्यातली चोरीस

मेंढीचं आतडं साफ करायला मी आठ-नऊ वर्षांची असताना शिकले. माझं माहेर गंगाखेडच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला. आमची मेंढरं होती आणि थोडी कोरडवाहू जमीन. वर्षातून दोन-तीनदा, जत्रेला किंवा कुणाच्या जावळाला, घरी बकरं पडायचं. पुरुषमाणसं कापायची, वाटे करायची आणि आतडी-वजडी बायकांकडं यायची. आई मला जवळ बसवायची. आतड्याचं एक टोक बोटावर उलटं करायचं, त्यात पाणी सोडत सोडत सगळं आतडं आतून बाहेर काढायचं, मग मीठ आणि ज्वारीचं पीठ लावून हलक्या हातानं चोळायचं. नख लागलं की भोक पडलं. आई काळीज, चरबी, कांदा, हिरवी मिरची बारीक चिरून त्यात भरायची, अंबाडीच्या सुतळीनं टोकं बांधायची आणि निखाऱ्यावर भाजायची. त्याला वेगळं नाव नव्हतं. भरलेलं आतडं म्हणायचो. त्याच दिवशी खाऊन संपवायचं.

हे एक काम सोडलं तर सासरी दाखवावं असं मला फारसं काही येत नव्हतं. भाकरीसुद्धा एका बाजूनं जाड व्हायची.

लग्न होऊन मी पूर्णेला आले तेव्हा जर्मनची लढाई सुरू व्हायची होती. आमचे मालक रेल्वेत फायरमन होते. इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचं काम. राहायला रेल्वेच्या लाईनीत, म्हणजे क्वार्टरांच्या रांगेत, दोन खोल्यांची जागा, पुढं ओटा, मागं लहानसं अंगण आणि त्यात चूल. घरात आम्ही तिघंच: मालक, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई बोलायच्या कमी, पण घरातलं सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. त्यांचा काळा मसाला आमच्या लाईनीत नावाजलेला होता. खोबरं, तीळ, धणे, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजून त्या उखळात कुटायच्या, आणि कुटताना कुणाला जवळ येऊ द्यायच्या नाहीत.

शेजारच्या घरात एक ड्रायव्हर राहायचे. ते मूळचे गोव्याचे, किरिस्ताव. मालक त्यांच्याच इंजिनावर होते आणि त्यांच्याच हाताखाली काम शिकलेले होते, म्हणून त्यांना उस्ताद म्हणायचे. मग आम्हीही उस्तादच म्हणायला लागलो. त्यांच्या बायकोला सगळी लाईन ड्रायव्हरीणबाई म्हणायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. बाई अंगानं भरलेली, डोक्याला रुमाल बांधलेली, बोलणं निम्मं कोकणी, निम्मं आपलं. मला ती ‘बाय’ म्हणायची. त्यांच्याकडं लहान मुलीला असंच म्हणतात, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

तिच्या चुलीवर एका दोरीला लाल माळा टांगलेल्या असायच्या. लांबून बघितल्यावर रुद्राक्षाएवढ्या मण्यांच्या माळा वाटायच्या. जवळ गेल्यावर आंबट, लसणाचा, धुराचा असा वास यायचा. मी एकदा विचारलं.

“हे काय हाय?”

“चोरीस. डुकराचं मांस. तू खात नाय.”

“वासानं तोंडाला पाणी सुटायलंय.”

“सुटू दे. तुझ्या सासूला विचारल्याबिगर मी तुला कणभर पण देणार नाय, बाय. मग माझं-तुझं बोलणं बंद होईल.”

घरी येऊन मी आत्याबाईंना सांगितलं, की त्यांच्याकडं चोरीस टांगलेली असते.

“काय चोरीस गेलं?” आत्याबाईंनी विचारलं.

“गेलं न्हाई. त्याचं नावच चोरीस हाय. डुकराचं असतंय.”

आत्याबाई म्हणाल्या, “आपल्यात चालत न्हाई ते. बघायचं, आणि घरी यायचं.”

म्हणून मी नुसती बघायची. ड्रायव्हरीणबाई माळेतले चार-पाच मणी तोडायची, दोरा काढून कढईत टाकायची. तेल नाही, मीठ नाही. थोडंसं पाणी. पाणी आटलं की आतली चरबी सुटायची आणि कढई लालबुंद व्हायची. त्यात उभा चिरलेला कांदा, कधी बटाट्याच्या फोडी. झालं. मला ते अपुरं वाटायचं. आमच्याकडं कालवणात मसाला पडल्याशिवाय भांडं चुलीवरून उतरत नसे.

“मसाला कधी टाकता?” मी एकदा विचारलं.

“मसाला आत आहे. तीन दिवस मांसात मुरलाय, मग उन्हात बसलाय. आता वरून कशाला?” ती म्हणाली. “चोरीस रांधताना हात आवरता आला पाहिजे.”

या माळा ती स्वतः करत नव्हती. तिची सासू गोव्याला करायची आणि पत्र्याच्या डब्यात भरून, वर गोणपाट शिवून पार्सलनं पाठवायची. डबा मुंबईवरून मनमाडला आणि मनमाडवरून आमच्याकडं. लढाई सुरू झाल्यावर पार्सलं रखडायला लागली. एक डबा दीड महिन्यानं आला तो बुरशी धरलेला. बाईनं तो गावाबाहेर पुरला. त्यानंतर डबा आलाच नाही.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी उस्तादांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांचा. मालक रोज ड्युटीवरून आले की अंगावरचा कोळसा धुऊन आधी शेजारी जायचे. “उस्ताद वळखंना गेलेत,” एकदा त्यांनी सांगितलं. मग ताप उतरला, पण माणूस अर्धा झाला होता. दसरा गेला, दिवाळी आली, तरी उस्ताद ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले असायचे. पेज पुढं केली की तोंड फिरवायचे. दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले. आता ताप नाही, पोट ठीक आहे, जे मागतील ते द्या, असं सांगून गेले. अंगात ताकद आली नाही तर त्यांना इंजिनावर चढू देणार नव्हते. टेबलावर बसून कागद लिहायचं काम त्यांना येणार नव्हतं, आणि त्यांना ते नकोही होतं.

उस्ताद मागत होते फक्त चोरीस.

ड्रायव्हरीणबाई माझ्या अंगणात येऊन बसली आणि रडायला लागली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. गावात उकिरड्यावर फिरणारी डुकरं तिला चालणार नव्हती, आणि दुसरी कुठं मिळणार? मिळाली तरी चोरीस करायची कशी हे तिनं फक्त लांबून बघितलं होतं. “सासू करायची, मी मिरच्या वाटायची,” ती म्हणाली. “बकऱ्याच्या मटणाची केली असती. पण आतडं मला हातात धरवत नाय.”

“मला येतंय,” मी म्हणाले.

आत्याबाई दारात बसून डाळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या ड्रायव्हरीणबाईला म्हणाल्या, “बकऱ्याचं करणार?”

“हां.”

“मग हितं करा, आमच्या भांड्यात. तुमच्या भांड्याला त्याचं लागलेलं हाय. हितं केलं तर मला बघता बी येईल.”

आत्याबाई आजवर शेजारच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलेल्या नव्हत्या. पण उस्तादांनी आपल्या पोराला हाताशी धरून काम शिकवलं, हे त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. तसं त्या बोलल्या नाहीत. मला पुढं कधीतरी मालकांकडून कळलं.

पहिल्या खेपेला आम्ही सगळं चुकीचं केलं. खाटकाकडून मांडीचं चांगलं लाल मटण आणलं, चरबी बघून काढून टाकली. मी आतडी साफ केली, ती मात्र एकही फुटली नाही. बाईच्या आठवणीप्रमाणं मिरची, लसूण, आलं, हळद, मिरे वाटले. सिरका नव्हता म्हणून चिंचेचा कोळ घातला. आणि वास पुरेसा येईना म्हणून मीच म्हणाले, की आत्याबाईंचा काळा मसाला मूठभर टाकू. आत्याबाईंनी डबा पुढं सरकवला. तुटलेल्या बाटलीचा गळा आतड्यात घालून आम्ही दोघींनी ते मटण अंगठ्यानं दाबून दाबून भरलं, बोटभर अंतरावर दोऱ्यानं बांधत गेलो आणि अंगणात दोरीवर टांगलं. दिवसा ऊन, संध्याकाळी चुलीचा धूर.

सहाव्या दिवशी काही मणी पांढरट पडले. जे पांढरे पडले नाहीत ते लाकडासारखे वाळले. बाईनं एक फोडून कढईत टाकला, तर खवट वास घरभर पसरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण तो वास कशाचा हे मला कळत होतं, आणि आत्याबाईंसमोर त्यांच्या मसाल्याला नाव कोण ठेवणार?

आत्याबाईंनी तो मणी हातात घेतला, मोडला, हुंगला.

“खोबऱ्यानं घात केला,” त्या म्हणाल्या. “खोबरं आन् तीळ. भाजलेलं तेल असतंय त्यात, आठ दिवसांत खवट होणारच. ह्यो मसाला रोजच्या कालवणाचा हाय, टिकवायच्या मटणाचा न्हाई.” मग माझ्याकडं वळल्या. “आन् चरबी का काढली? चरबीशिवाय वाळून वात होईल न्हाई तर काय. गुर्द्याची चरबी घ्यायची, तीन वाट्याला एक वाटा. आन् चिंच नको. चिंच वलं ठिवती.”

“सिरका पाहिजे,” ड्रायव्हरीणबाई हळूच म्हणाली. “आमच्याकडं माडाच्या ताडीचा करतात. इथं माड कुठला?”

“माड न्हाई, शिंदी तर हाय,” आत्याबाई म्हणाल्या.

नदीकडच्या वाटेवर शिंदीची झाडं होती आणि गावाच्या टोकाला त्या झाडांच्या ताडीचं, म्हणजे शिंदीचं दुकान. दिवसभर तिथं पिणाऱ्यांची गर्दी असायची. संध्याकाळी जी शिंदी उरायची ती दुसऱ्या दिवशी कुणी तोंडात धरत नसे, इतकी आंबट व्हायची. दुकानवालीची म्हातारी सासू ती मडक्यात साठवून लोणच्यासाठी ओळखीच्यांना द्यायची. तिच्याकडच्या महिनाभर झाकलेल्या मडक्यात शिंदीचा चांगला सिरका झालेला असतो, हे आत्याबाईंना ठाऊक होतं. मला ते ठाऊक नव्हतं. आणायचं कुणी, हा प्रश्न होता. मी उठले, तर आत्याबाईंनी मला खाली बसवलं.

“तू गेलीस तर लोकं बोलतील. मला म्हातारीला कोण काय म्हणतंय?”

आत्याबाई पदराखाली तांब्या धरून गेल्या आणि पदराखाली तांब्या धरूनच परत आल्या. पण येताना पॉइंट्समनच्या बायकोनं त्यांना शिंदीच्या दुकानातून निघताना बघितलं. दोन दिवसांत नळावर चर्चा सुरू झाली, की फायरमनची आई लपून शिंदी प्यायला लागली. मी चिडून सांगायला निघाले, तर आत्याबाई म्हणाल्या, “बोलू दे. त्यांला बी काही तरी बोलायला पायजे की.”

सिरका असा आंबट होता की नाकाजवळ नेला तर डोळ्यांत पाणी यायचं. ड्रायव्हरीणबाईनं बोट बुडवून चाखला, डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

आता मसाला. पूर्णेच्या बाजारात एकाच तऱ्हेची मिरची मिळायची, म्हणून आम्ही दोघी सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला गेलो. घरच्या माणसाशिवाय मी पहिल्यांदाच गाडीत बसले होते. मिरखेल स्टेशन गेल्यावर बाईनं मला खिडकीजवळची जागा दिली. परभणीच्या बाजारात मसाल्याचं दुकान एका मुसलमान म्हाताऱ्याचं होतं. मेंदी लावलेली दाढी, पुढं पोत्यांची रांग. बाईनं मिरची मागितल्यावर त्यानं विचारलं, “रंग होना क्या तीखा होना?”

“दोनों.”

“दोनों एक मिरची में नै मिलते, अम्मा.”

त्यानं दोन पोती उघडून दाखवली. एकात सुरकुतलेली, रुंद, काळपट लाल मिरची होती, ती कर्नाटकातून यायची. मोडली तर झणका कमी, पण बोटं लाल व्हायची. दुसऱ्यात आपली लवंगी, बारीक आणि उघडताच खोकला काढणारी. बाईनं दोन्हींतली एक एक मिरची मोडून जिभेवर ठेवली. मग हिशेब केला: तीन मुठी रंगाची, एक मूठ लवंगी. लवंगांवर ती नख दाबून बघायची. तेल आलं नाही की ती लवंग बाजूला. दालचिनी तिनं जाड सालीची परत केली आणि पातळ, गुंडाळी झालेली घेतली. मिरे दाताखाली फोडून घेतले. कुटलेली पूड दाखवली तर बघितलीसुद्धा नाही. धणे घेऊ का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, “धणे भाजीला. यात नको.” म्हातारा दुकानदार हे सगळं बघत होता. शेवटी त्यानं आपणहून मूठभर जिरे पुडीत बांधून दिले आणि म्हणाला, “ये मेरे तरफ से. क्या बनाने वाले?”

“दवाई,” बाई म्हणाली.

परतताना गाडीत मी तिला विचारलं, खोटं का बोललात म्हणून. “खोटं कुठं?” ती म्हणाली. “नवऱ्याला उठवायला करतेय. दुसरी दवाई देऊन झाली.”

दुसऱ्या खेपेला थंडी पडली होती, हवा कोरडी. मटण सुपारीएवढ्या तुकड्यांत चिरलं, मीठ लावून एक दिवस पाटाखाली दाबून ठेवलं. वर जात्याची तळी ठेवली होती. सुटलेलं पाणी टाकून दिलं. मिरच्या, लसूण, आलं, सगळं सिरक्यातच वाटलं, पाण्याचा थेंब लावला नाही. आत्याबाई गुर्द्याच्या चरबीचे पांढरे तुकडे स्वतः चिरत बसल्या. तीन दिवस बरणीत. रोज सकाळी बाई येऊन कोरड्या लाकडी डावानं ढवळायची, आणि मीठ-आंबट बघण्यासाठी एक तुकडा निखाऱ्यावर भाजायची. पहिल्या दिवशी आंबट पुढं होतं, दुसऱ्या दिवशी लसूण, तिसऱ्या दिवशी कुठलं एक वेगळं काढता येईना. “आता भर,” ती मला म्हणाली.

अकरा दिवस माळा टांगल्या. दिवसा ऊन, संध्याकाळी बाभळीच्या लाकडाचा धूर. आत्याबाई काठी घेऊन कावळे हाकलायच्या. या वेळी मणी पांढरे पडले नाहीत. दाबले तर आत थोडे मऊ लागायचे, वरून चकचकीत. वास ओट्यापर्यंत जायचा. नळावरच्या बायका आता आमच्या अंगणात डोकावायला यायला लागल्या.

पहिली चव आत्याबाईंनी घेतली. मला वाटलं होतं त्या दुरून बघतील. पण त्या म्हणाल्या, “दुसऱ्याच्या आजारी माणसाला द्यायचं, तर आधी आपण खाऊन बघितलं पायजे.” कढईतला एक तुकडा भाकरीवर घेऊन त्यांनी खाल्ला. हळूहळू चावला. पाणी प्यायल्या.

“झोंबतंय,” म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा घेतला.

बाईनं कांदा घालून केलेली चोरीस ताटलीत घेतली आणि उस्तादांच्या पुढं ठेवली. मालक तिथंच उभे होते. मी दाराआडून बघत होते. उस्तादांनी एक घास खाल्ला, मग बायकोकडं बघून म्हणाले, “हें चोरीस न्हय.”

बाईचा चेहरा उतरला. एवढे दिवस, एवढं सगळं.

उस्ताद पुढं म्हणाले, “पूण आनीक घाल.”

त्या दिवशी त्यांनी ताटली पुसून घेतली आणि अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. एकाएकी माणूस उठला असं काही झालं नाही. पण तोंडाला चव आल्यावर ते भात खायला लागले, दूध प्यायला लागले, आणि संक्रांतीनंतर काठी न घेता लोकोशेडपर्यंत चालत जाऊन आले. चैत्रात डॉक्टरांनी त्यांना पास केलं. ज्या दिवशी ते पुन्हा इंजिनावर चढले, त्या दिवशी मालकांनी गाडी सुटताना आमच्या लाईनीसमोर शिट्टी जरा जास्तच लांब वाजवली. स्टेशनमास्तरांनी त्यावरून विचारणा केली, असं ऐकलं.

त्यानंतर दर थंडीत आम्ही चोरीस करायला लागलो. बाईच्या घरी त्यांचं वेगळं, आमच्या अंगणात आमचं, असं राहिलं नाही, कारण डुकराची येणं बंदच झालं होतं. मी माझ्या पद्धतीनं बदल केले. शेतात तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या की सोले काढायचे आणि चोरीस चरबी सोडायला लागली की त्यात टाकायचे. सोल्यांची गोडी आणि मिरचीचा झणका एकमेकांत उतरायचा. बाईला ते इतकं आवडलं की तिनं बटाटा सोडून दिला. अंबाडीच्या भाजीत मात्र जमलं नाही. आंबटात आंबट होऊन दात आंबले. आत्याबाईंनी एका वर्षी हळूच थोडं दगडफूल वाटून घातलं आणि आम्हाला सांगितलं नाही. बाईनं चाखल्या चाखल्या विचारलं, “यात कोण शिरला?” आत्याबाई हसल्या. मी त्यांना इतक्या मोकळेपणी हसताना फार वेळा बघितलं नाही.

मग गडबडीचं वर्ष आलं. रझाकारांच्या भीतीनं लाईनीतली घरं रिकामी व्हायला लागली. मालकांना ड्युटी सोडता येत नव्हती. त्यांनी आत्याबाईंना आणि मला माझ्या माहेरी पाठवायचं ठरवलं. निघायच्या सकाळी ड्रायव्हरीणबाई आली. तिच्या घरी दोरीवर उरलेल्या होत्या तेवढ्या माळा तिनं फडक्यात बांधून आणल्या होत्या.

“नासत नाय. भिजवायला नको, वाटायला नको. नुसता विस्तव पाहिजे,” ती म्हणाली.

“तुमी काय खाल?” मी विचारलं.

“आम्ही आहोत रुळाजवळ. मिळेल.”

आत्याबाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि तसेच धरून ठेवले. गाडीवान हाका मारत होता.

माहेरी आम्ही गावात राहिलो नाही. भावानं आम्हाला डोंगराकडच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर नेलं, मेंढरांजवळ. आई-बापही तिथंच होते. बाजार बंद होता, तेल-मीठ मिळणं मुश्कील. आठ-दहा दिवस आम्ही ज्वारीच्या भाकरीबरोबर ती चोरीस खाल्ली. एक मणी पाच जणांत. बापाचा आधी विश्वास बसेना, की हे आतडं भरून दोन महिने झालेत. त्यानं हुंगून बघितलं, मग खाल्लं, आणि आईला म्हणाला, “तू भरायचीस ते त्याच दिवशी संपवायला लागायचं.” आईला राग आला. “मला कुणी शिंदीचा सिरका आणून दिला होता का?” ती म्हणाली. मग तिनं मला सगळं विचारून घेतलं, मिठाचं माप, दाबून ठेवायचं, किती दिवस, कुठल्या लाकडाचा धूर. शेवटी आत्याबाईच तिला सांगत बसल्या आणि मी मेंढरांना पाणी दाखवायला गेले.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा आम्ही आखाड्यावरच होतो. बातमी दोन दिवसांनी कळली. पूर्णेला परतलो तर शेजारच्या घरात नवीन माणसं होती, एका तेलुगू गार्डाचं बिऱ्हाड. उस्ताद आणि बाई आम्ही यायच्या पंधरा दिवस आधी निघून गेले, दोन पेट्या घेऊन मनमाडच्या गाडीत बसले, एवढंच नळावर कळलं. मालक त्या दिवशी गाडीवर होते, त्यांचीही भेट झाली नव्हती. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पोट जड आहे म्हणाल्या.

सात-आठ महिन्यांनी मालकांना मनमाडच्या फलाटावर उस्ताद भेटले. ते आता दुसऱ्या लाईनवर गाडी चालवत होते, मनमाडला त्यांचा मुक्काम असायचा. दोघं चहा प्यायले. मालक घरी येऊन बूट काढता काढता हे सांगत होते. मी विचारलं, बाई कुठं आहेत? तब्येत कशी आहे? पूर्णेची आठवण काढतात का? मला काही निरोप दिला का?

“बरी हाय म्हणले,” मालक म्हणाले.

“आन्?”

“आन् काय? बरी हाय.”

मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. थंडी आल्यावर चोरीस केली आणि त्यांच्या पुढच्या खेपेला एक माळ फडक्यात बांधून दिली, उस्ताद भेटले तर देण्यासाठी. उस्ताद भेटले नाहीत. मालकांनी ती परत आणली. तीन खेपा ती गेली आणि आली. चौथ्या वेळी आत्याबाई म्हणाल्या, “ठिव आता खाली,” आणि आम्हीच ती खाल्ली.